तिच्यासोबत पहिल्यांदा जाताना: घरगुती हिंसाचारात मदत कुठे आणि कशी मागायची

शेजारची, ऑफिसातली नाहीतर नात्यातली एखादी बाई एक दिवस सांगते, "ताई, आता सहन होत नाही. कुठे जाऊ ते सांगा." आपला जीव तुटतो, पण नेमकं कुठे जायचं ते आपल्यालाही ठाऊक नसतं. हा लेख तिच्यासोबत जाणाऱ्या माणसासाठी आहे. मी बरीच वर्षं बायकांबरोबर सरकारी दवाखाने, पोलीस स्टेशन, महिला व बालविकासचं कार्यालय आणि कोर्ट यांच्या खेपा घालते आहे. महाराष्ट्रात यासाठी किती दारं उघडी आहेत आणि कुठल्या दारात कसं बोलायचं, एवढंच इथे सांगते.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) आढळलं की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. बाकीच्यांतल्या बहुतेक जणी गप्पच राहिल्या. म्हणजे ती तुमच्याशी बोलली, तेव्हाच तिने सगळ्यात अवघड काम केलेलं असतं.

आधी ऐकायचं

"मग तू काय बोललीस त्याला?" हा प्रश्न विचारू नका. तो कितीही सहज विचारला तरी तिच्या कानाला "चूक तुझीच असेल" असाच लागतो. "इतकी वर्षं का राहिलीस?" हाही नको. "बरं केलंस सांगितलंस" एवढं म्हणा आणि तिला बोलू द्या.

मग हळूच चार गोष्टी विचारून घ्या. आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का? मुलं कुठे आहेत? घरात कोयता, सुरा, रॉकेल असं काही दाखवून धमकी दिली आहे का? आणि त्याने कधी गळा दाबला आहे का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. गळा दाबणं ही पुढे जिवावर बेतण्याची फार मोठी खूण आहे. बायका ते अगदी ओझरतं सांगतात: "जरा मान धरली होती." गळ्यावर वळ दिसला नाही तरी आत इजा झालेली असू शकते. गिळताना दुखत असेल, आवाज बसला असेल, डोळ्यात लाल ठिपके आले असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२. सल्ला हवा असेल, जवळचं केंद्र शोधायचं असेल तर महिला हेल्पलाइन १८१. ती चोवीस तास चालू असते. मुलांच्या बाबतीत १०९८. फोन शक्यतो तुमच्या मोबाइलवरून लावा, कारण तिच्या कॉलच्या यादीत १८१ दिसलं तर संध्याकाळी त्यावरून पुन्हा मार पडू शकतो. तिचं व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला जोडलेलं आहे का आणि मॅपवर तिचं लोकेशन कुणाला दिसतंय का, हेही तपासा. पण ते लगेच बंद करायची घाई नको. बंद केलेलं त्याला कळतं आणि तो सावध होतो. निघायच्या दिवशी बंद केलं तरी चालतं.

एक पिशवी

निघायचं ठरो न ठरो, कागद घराबाहेर असू द्यावेत. आधार, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला नाहीतर लग्नाचे फोटो आणि पत्रिका, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे कागद, बँकेचं पासबुक, आधीच्या दवाखान्याचे केसपेपर. मूळ कागद काढणं शक्य नसेल तर मोबाइलवर फोटो काढून तुमच्याकडे पाठवायचे आणि तिच्या फोनमधून खोडायचे. दागिन्यांची यादी आणि तिने ते घातलेले फोटोही यातच ठेवा, पुढे स्त्रीधन परत मागताना ते लागतात. रोजची औषधं, दोन जोडी कपडे, थोडे सुटे पैसे. पिशवी आईकडे, मैत्रिणीकडे, तुमच्याकडे, कुठेही चालेल. सासरच्या कपाटात मात्र नको.

दवाखाना

मार लागलेला असेल तर पोलीस स्टेशनच्या आधी सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जायचं, असं माझं ठाम मत आहे. उपचार होतात, आणि पहिला भक्कम कागद तिथेच तयार होतो.

तिथे काय घडतं ते बघा. केसपेपर काढताना खिडकीतला माणूस विचारतो, "काय झालं?" मागे रांग असते. ती खाली बघून म्हणते, "पडले." केसपेपरवर तेच लिहिलं जातं, आणि दोन वर्षांनी कोर्टात समोरचा वकील नेमका तोच कागद काढतो. असे किती केसपेपर माझ्या हातातून गेले! पायरीवरून घसरली, बाथरूममध्ये पडली, दार लागलं, आणि खाली डॉक्टरच्या अक्षरात जखम लिहिलेली असते ती दंडाच्या आतल्या बाजूला, चार बोटांच्या वळांची.

म्हणून आत जाण्याआधी तिच्याशी बोलून घ्या. खिडकीवर सगळं सांगायची गरज नाही, "डॉक्टरांनाच सांगते" म्हटलं तरी चालतं. डॉक्टरांपुढे मात्र खरं सांगायचं: कुणी मारलं, कशाने मारलं, केव्हा मारलं. "नवऱ्याने काठीने मारल्याचं पेशंट सांगते" असं लिहून घ्यायला सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायला सांगा. एमएलसी म्हटलं की बायका घाबरतात, नवऱ्याला आत्ताच धरून नेतील असं त्यांना वाटतं. तसं नसतं. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं जातं, पोलीस जबाब घ्यायला येतात, आणि तक्रार द्यायची की नाही हे ती तेव्हा सांगू शकते. इजेची नोंद मात्र कायम राहते. जुन्या जखमाही दाखवा. पिवळा पडलेला वळ आणि ताजा निळा वळ शेजारी शेजारी नोंदले गेले, तर मार एकदाचा नाही हे कागदच बोलतो.

"आधी पोलिसांचं पत्र आणा" असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की कायद्यात तशी अट नाही. घरगुती हिंसाचाराचा अहवाल झालेला नाही, या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत.

मुंबईत असाल तर महापालिकेच्या काही रुग्णालयांत 'दिलासा' केंद्रं आहेत. सेहत ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पहिलं केंद्र सुरू केलं. समुपदेशक तिथेच, दवाखान्याच्या आवारात भेटते. ज्या बाईला घरून "दवाखान्यात जाते" एवढंच सांगून निघता येतं, तिच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

पोलीस स्टेशन

माझ्या अगदी सुरुवातीच्या एका खेपेत आम्ही तीन तास पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलो, तक्रार सांगितली, सही केली, हातात एक कागद मिळाला. केस झाली म्हणून आम्ही दोघी समाधानाने घरी आलो. दीड महिन्याने वकिलांना तो कागद दाखवला, तेव्हा कळलं की ती एनसी होती, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. तो दीड महिना तिने, आता पोलीस त्याला बोलावतील, या भरवशावर काढला होता. तेव्हापासून मी उठण्याआधी एकच प्रश्न विचारते: "साहेब, ही एनसी आहे की एफआयआर?"

एनसी निरुपयोगी नसते, तारखेनिशी झालेली नोंद म्हणून ती पुढे कामाला येते. प्रत जपून ठेवा. पण नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा स्वतंत्र गुन्हा आहे. १९८३ पासून तो भारतीय दंड संहितेत ४९८-अ कलमाखाली होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. बोलताना सगळे अजून 'चारशे अठ्ठ्याण्णव'च म्हणतात. तुम्हीही म्हणा, समोरच्याला कळतं. एफआयआर झाली तर तिची प्रत मोफत मिळते. "हे आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही; शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य पोलीस स्टेशनला पाठवायचा असतो. नोंदवायलाच नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार, आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, असा रस्ता आहे.

तक्रार सांगताना ती भराभर दहा वर्षांचं सांगायला लागते आणि शेवटी कागदावर उरतं ते "नेहमी त्रास देतात". त्यासाठी आदल्या दिवशी शांत बसून तीन प्रसंग लिहून काढा: पहिला, सगळ्यात भयंकर आणि अगदी अलीकडचा. तारीख आठवत नसेल तर "थोरल्याच्या बारशानंतर आठवड्याने" असं लिहिलं तरी चालतं. त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहा, शिव्यांसकट. सही करण्याआधी जबाब वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा आणि घाई करू नका.

पोलीस स्टेशनला जायची भीती वाटत असेल तर 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' विचारा. मुंबई पोलीस आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात तो सुरू केला. आज राज्यभर असे कक्ष आहेत. पोलिसांच्या इमारतीत बसणारे हे प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ते असतात, खाकीतले नव्हेत. कित्येकदा मी आधी तिथे जाते. बाईला पाणी मिळतं, खुर्ची मिळते, आणि तिचं बोलणं कुणीतरी सलग ऐकून घेतं. अनेक शहरांत बायकांच्या आणि मुलांच्या मदतीसाठी पोलिसांचे भरोसा सेलही आहेत.

संरक्षण अधिकारी

ही वाट सगळ्यात कमी लोकांना माहीत असते आणि सगळ्यात जास्त बायकांच्या कामाची असते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. बहुतेक बायकांना नवऱ्याला तुरुंगात धाडायचं नसतं. मार थांबावा, डोक्यावर छप्पर राहावं, पोरांच्या फीचे पैसे मिळावेत, एवढंच त्या मागतात. हा कायदा नेमकं ते देतो. यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे. लैंगिक जबरदस्ती, घालूनपाडून बोलणं, मूल किंवा मुलगा होत नाही म्हणून टोचणं, पगार काढून घेणं, घरखर्च न देणं, दागिने विकणं, हे सगळं त्यात येतं. धर्म कुठलाही असो. लग्नाविना नवराबायकोसारखं एकत्र राहणारी बाईही यात येते, आणि भावाकडून त्रास सोसणारी बहीण किंवा मुलाकडून मार खाणारी आईसुद्धा.

यासाठी सरकारने नेमलेला माणूस म्हणजे संरक्षण अधिकारी. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी केली की तुमच्या भागाचं नाव आणि नंबर मिळतो. ते तिचं म्हणणं ठरलेल्या नमुन्यात लिहून घेतात. त्याला घरगुती घटना अहवाल म्हणतात, बोलताना डीआयआर. तो मॅजिस्ट्रेटकडे जातो आणि पोलीस स्टेशनलाही प्रत जाते. तिच्या सुरक्षिततेची योजना करायचा वेगळा नमुनाही नियमांत आहे. तो भरून घ्या, बऱ्याचदा राहून जातो.

शेजारी म्हणून तुम्हीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकता. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं कलम ४ सांगतं. तरी तिला विचारल्याशिवाय कळवू नका. चौकशीला माणूस दारात आला की त्या रात्री घरात तीच असते. जीव जाण्याची वेळ आली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सरळ ११२.

कोर्टाकडे मागता येतं ते असं: त्याने मारू नये, तिच्या कामाच्या ठिकाणी किंवा माहेरी येऊन त्रास देऊ नये, तिला घराबाहेर काढू नये, नाहीतर दुसऱ्या घराचं भाडं द्यावं, खर्चाला पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन परत, आणि नुकसानभरपाई. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून तिला हक्कच नाही, असं सासरचे छातीठोकपणे सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की ती त्या घरात संसार करून राहिली असेल तर ते नवऱ्याच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरीही तिचं 'सामायिक घर' ठरू शकतं. मालकी तिला मिळत नाही, राहण्याचं संरक्षण मिळू शकतं.

अर्ज सासरच्याच गावी करावा लागत नाही. ती सध्या जिथे राहते, अगदी तात्पुरती, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे करता येतो. सासर लातूरला आणि ती नाशिकला बहिणीकडे आली असेल तर अर्ज नाशिकला. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ बराच जास्त लागतो, हे तिला आधीच सांगा. त्यामुळेच अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या, आदेशाची मागणी पहिल्याच दिवशी करायची. आदेशाच्या प्रती मोफत मिळतात. एक प्रत तिच्या पर्समध्ये कायम असू द्या. संरक्षण आदेश मोडणं हा दखलपात्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो दारात येऊन उभा राहिला तर फोनवर ११२ ला "कोर्टाचा आदेश मोडतोय" असं म्हणायचं. "भांडण चाललंय" म्हणण्यापेक्षा त्याचा परिणाम वेगळा होतो.

राहायचं कुठे, वकील कुठला

रात्री घर सोडावं लागलं तर सखी वन स्टॉप सेंटर. २०१५ पासून ही केंद्र सरकारची योजना आहे. काही दिवसांपुरता निवारा, दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन हे एकाच जागी मिळावं म्हणून ती केंद्रं आहेत. पत्ता १८१ वर मिळतो. जास्त दिवस राहायचं असेल तर शक्ती सदन. पूर्वी यालाच स्वाधार गृह म्हणायचे. मुलगी आईबरोबर राहू शकते, मुलग्याला वयाची अट असते, म्हणून निघण्याआधी फोनवर विचारून घ्या. दहावीतला मुलगा बरोबर असताना दारात अडकून पडण्यासारखी वाईट रात्र नाही.

वकील मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार प्रत्येक बाईला हा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा कोर्टाच्या आवारातच कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. मिळालेला वकील फोन उचलत नसेल तर बदलून मागा.

वयस्कर आई किंवा सासू त्रासात असेल तर वृद्धांसाठीची हेल्पलाइन १४५६७ वेगळी आहे.

"मिटवून टाका"

प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी हे वाक्य म्हणणार. पोलीस, नातेवाईक, कधी समुपदेशकसुद्धा. "दोन मुलं आहेत, संसार मोडू नका." तिलाही पुष्कळदा संसार हवाच असतो, त्यात गैर काही नाही. प्रश्न मार थांबण्याचा आहे.

समुपदेशनाच्या बैठकीला बसाल तेव्हा एक नियम पाठ ठेवा. २००५ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार, त्याने मारण्याचं समर्थन करायचंच नाही. "ती उलट बोलली म्हणून हात उचलला" हे वाक्य तिथे ऐकून घेतलं जाऊ नये. समुपदेशनातून निघायची असते ती पुन्हा हिंसा न करण्याची त्याची हमी. मी असल्या बैठकीत पाहिलंय, अर्धा तास तिच्या स्वयंपाकाची, मोबाइलची, माहेरच्यांची उलटतपासणी चालते आणि मारण्याचा विषयच निघत नाही. अशा वेळी मधेच बोला: "आपण मारहाणीबद्दल बसलोय ना?"

तडजोड झालीच तर ती कागदावर हवी. काय थांबणार, दर महिन्याला किती पैसे कुठल्या खात्यात येणार, तिचा फोन तिच्याकडेच राहणार, आणि मोडलं तर ती काय करणार. कोऱ्या कागदावर किंवा "माझी काही तक्रार नाही" अशा ओळीखाली तिने सही करू नये. "आत्ता करते, नंतर बघू" हे वाक्य या टेबलावर फार महाग पडतं.

ती परत गेली तर

जाते. बऱ्याच जणी जातात, दोनदा, तीनदा. तेव्हा तुम्हाला राग येईल, इतक्या खेपा घातल्या त्या वाया गेल्या असं वाटेल. तो राग तिच्यापर्यंत पोचू देऊ नका, कारण पुढच्या वेळी ती तुमच्याकडे येणार नाही, आणि ज्याच्यापासून पळून आली त्याला नेमकं तेच हवं असतं.

जाताना दोघींमध्ये एक खुणेचं वाक्य ठरवून घ्या, जे त्याच्यासमोर फोनवर बोलता येईल. एका ताईंचं होतं, "शिलाई मशीनचा पट्टा आला का?" असा फोन आला की मी काही न विचारता ११२ लावायचा, असं ठरलं होतं. आठ महिन्यांनी रात्री पावणेअकराला तो फोन आला. तिची फाइल माझ्याच कपाटात होती. जुना केसपेपर, एनसीची प्रत, डीआयआर, दागिन्यांचे फोटो, सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच फाइल घेऊन आम्ही पुन्हा संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो, आणि या वेळी पहिल्यापासून काही सांगावं लागलं नाही.